सत्तावीस हुकलेले नेम: ह्युस्टन रॉकेट्सच्या एका हंगामाचं वाचन

२८ मे २०१८. ह्युस्टनचं टोयोटा सेंटर. एनबीएच्या पश्चिम विभागाची अंतिम लढत ३-३ अशी बरोबरीत, आणि सातवा सामना. मध्यंतराला ह्युस्टन रॉकेट्स ५४-४३ असे पुढे. तिसऱ्या पावात गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ३३ गुण केले, रॉकेट्सनी १५. शेवटी १०१-९२ ने वॉरियर्स जिंकले आणि पुढे अंतिम फेरीत क्लीव्हलँडला ४-० असं हरवून विजेतेही झाले. या सामन्यात रॉकेट्सनी तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४४ वेळा नेम धरला. त्यातले ७ पडले. दुसऱ्या पावापासून चौथ्या पावापर्यंत सलग २७ चुकले.

बास्केटबॉल कधीच न पाहणाऱ्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही. रेषेच्या आतून बास्केट झाली तर दोन गुण, बाहेरून झाली तर तीन, एवढं कळलं की पुरे.

त्या रात्रीनंतर या हंगामाबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं त्यात तीन सूर होते. एक: 'गणिताने खेळणारे शेवटी गणितानेच बुडाले.' दोन: 'क्रिस पॉलचा स्नायू दुखावला नसता तर हेच विजेते होते.' तीन, हा थोडा उशिरा आला: 'पंचांनी घात केला.' माझ्या मते हंगाम अप्रतिम होता आणि त्याची समीक्षा, मोजके अपवाद सोडले तर, सुमार होती. ती का सुमार होती हे पाहणं संशोधनाला लागू पाहणाऱ्यांच्या कामाचं आहे, कारण विदा हातात आल्यावर आपणही नेमकी हीच तीन वाक्यं लिहितो. फक्त कर्मवाच्य प्रयोगात.

सुरुवात ड्राफ्टपासून करू. आयपीएलचा लिलाव डोक्यात असेल तर तो बाजूला ठेवा. इथे पैशांची बोली नसते. नवे खेळाडू निवडायची पाळी येते, आणि आदल्या हंगामात जे संघ वाईट खेळले त्यांना सोडतीत वरचा क्रमांक मिळायची शक्यता जास्त असते. दोन फेऱ्या, एकूण ६० निवडी. त्यामुळे 'आधी मुद्दाम हरा, मग वरचा क्रमांक घ्या' हीदेखील एक नीती होऊन बसली होती. रॉकेट्स त्या वाटेने गेले नाहीत. २०१६-१७ मध्ये ते ५५ सामने जिंकले होते आणि २०१७ च्या ड्राफ्टला त्यांच्याकडे पहिल्या फेरीची निवडच नव्हती. ती त्यांनी फेब्रुवारीतच लेकर्सना देऊन लू विल्यम्स आणला होता. दुसऱ्या फेरीत ४३ व्या क्रमांकावर आयझेया हार्टेनस्टाइन आणि ४५ व्या क्रमांकावर डिलन ब्रुक्स. त्यातला ब्रुक्स लगेच मेम्फिसला गेला आणि हार्टेनस्टाइन त्या वर्षी दुय्यम लीगमध्ये खेळला. म्हणजे ड्राफ्टच्या रात्रीवरून गुण द्यायचे झाले तर जवळपास शून्य.

पण २८ जूनला, सहाच दिवसांनी, क्रिस पॉल ह्युस्टनला आला. त्याच्या बदल्यात सात खेळाडू, २०१८ ची पहिल्या फेरीची निवड आणि थोडी रोकड गेली. त्या सातांत लू विल्यम्स होता. सॅम डेकर आणि माँट्रेझ हॅरेल होते, म्हणजे रॉकेट्सच्याच २०१५ च्या ड्राफ्टमधली मुलं. संघाचा खरा आधारस्तंभ जेम्स हार्डन २००९ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, पण तो ओक्लाहोमा सिटीने निवडलेला. २०१२ मध्ये अदलाबदलीत आलेला. स्वतः निवडून घरी वाढवलेला महत्त्वाचा माणूस म्हणजे एकटा क्लिंट कपेला, २०१४ चा २५ वा. रॉकेट्सच्या हिशोबात ड्राफ्ट ही शेती नव्हती, नाणं होतं. समोरच्या वॉरियर्सचं उलट: करी सातवा, थॉम्पसन अकरावा, ग्रीन पस्तिसावा, तिघेही स्वतः निवडलेले, आणि वर २०१६ मध्ये ड्युरांट करार करून आलेला. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी कोणाला 'ए' श्रेणी, कोणाला 'सी' अशी प्रगतिपुस्तकं छापून येतात. ती वाचताना मला प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या प्रबंधाला गुण देणारे परीक्षक आठवतात. निवडीचं मोल ती कोणत्या साखळीत बसते त्यावर ठरतं आणि साखळी त्या रात्री दिसत नाही. २०१७ ची ती न वापरलेली पहिल्या फेरीची निवड लू विल्यम्समार्गे क्रिस पॉलमध्ये बदलली, हे कोणत्या रकान्यात मांडणार?

आता पद्धतीकडे. रॉकेट्सचा महाव्यवस्थापक डॅरिल मोरी, शिक्षणाने संगणकशास्त्रज्ञ, एमआयटीतल्या क्रीडा-विश्लेषण परिषदेच्या संस्थापकांपैकी एक. प्रशिक्षक माइक डँटोनी. त्यांचा युक्तिवाद सातवीच्या मुलालाही कळेल. रेषेच्या थोडं आतून, लांबचा दोन गुणांचा नेम समजा ४० टक्के पडतो. दर नेमामागे ०.८ गुण. रॉकेट्सचा तीन गुणांचा नेम त्या हंगामात ३६.२ टक्के पडला. दर नेमामागे १.०८६. मग मधला नेम मारायचाच कशाला? एकतर बास्केटखाली जा नाहीतर रेषेबाहेरून टाका. सरासरी एका सामन्यात त्यांनी ४२.३ थ्री टाकले. दोन गुणांच्या नेमांपेक्षा तीन गुणांचे नेम जास्त टाकणारा हा एनबीएच्या इतिहासातला पहिला संघ. निकाल: ६५ विजय, १७ पराभव. वॉरियर्स ५८-२४. पॉल दुखापतींमुळे ८२ पैकी ५८ सामनेच खेळला, तरीही. हार्डन त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्लेऑफमध्ये मिनेसोटा ४-१, युटा ४-१.

इथवर सगळं छान. पण एक गोष्ट या युक्तिवादात झाकली जाते, आणि रॉकेट्सचे चाहते तर ती बोलतच नाहीत. सरासरी हा एकच आकडा झाला. विचलनाचं काय? ४४ थ्री ३६.२ टक्क्यांनी टाकले तर अपेक्षित गुण साधारण ४८, आणि प्रमाण विचलन साडेनऊच्या आसपास. तेच ४४ नेम दोन गुणांचे, ५० टक्क्यांनी टाकले तर अपेक्षित गुण ४४ आणि प्रमाण विचलन साडेसहा. म्हणजे चारेक गुणांच्या फायद्यासाठी तुम्ही झोका दीडपट मोठा करता. ८२ सामन्यांत झोके एकमेकांना खाऊन टाकतात आणि फायदा उरतो. एका सामन्यात झोका उरतो.

याचा अर्थ पद्धत चुकीची होती असा नाही. समोरचा तुमच्यापेक्षा बलवान असेल तर मोठा झोका तुम्हाला हवाच असतो. बरोबरीच्या, शांत खेळात दुबळा हरतो. मोरींनी हंगामाच्या मध्यातच उघडपणे सांगितलं होतं की आपली सगळी धडपड वॉरियर्सना हरवण्यासाठी आहे. गृहीतक आधीच जाहीर केलेलं. संशोधनात ही गोष्ट दुर्मिळ आहे आणि मी त्यांना त्यासाठी पूर्ण गुण देते. टीका करायचीच तर वेगळ्या जागी करावी: मध्यंतराला ११ गुणांनी पुढे असताना गरज बदलते. आता झोका लहान हवा. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या खेळात तसा बदल दिसला नाही. हा आक्षेप गणिताच्या बाजूनेच घेता येतो. 'गणिताने बुडवलं' म्हणणाऱ्यांनी तो घेतला नाही, कारण त्यांना गणितावर नाही, गणितवाल्यांवर राग होता.

आता त्या २७ कडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

सलग २७ चुकण्याची शक्यता किती? सोपा हिशोब: एक नेम चुकण्याची शक्यता ०.६३८. ती सत्तावीस वेळा स्वतःशी गुणा. उत्तर साधारण १ लाख ८६ हजारांत एक. अविश्वसनीय! पण थांबा. हे उत्तर 'आत्तापासूनचे पुढचे २७ नेम चुकतील का?' या प्रश्नाचं आहे. कोणी तो प्रश्न आधी विचारला नव्हता. ४४ नेमांत कुठेही २७ ची रांग लागली असती तरी आपण तितकेच चकित झालो असतो. तसा हिशोब केला तर शक्यता २६ हजारांत एक अशी येते. सातपट फरक, आणि बदललं काय? फक्त प्रश्न. पुढे जाऊ. रांग विसरा, ४४ पैकी ७ किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता किती? अपेक्षा १६ ची, ७ म्हणजे सुमारे २.८ प्रमाण विचलनं खाली. शक्यता ३७० त एक. आणि एनबीएच्या एका हंगामात साखळी सामने १२३०, म्हणजे संघ-सामने २४६०. सगळेच संघ रॉकेट्सइतके थ्री टाकत असते, तर २६ हजारांत एक असलेली ती रांगसुद्धा दहा-अकरा हंगामांत एकदा कुठेतरी लागलीच असती. अर्थात ती नेमकी सातव्या सामन्यात लागणं ही वेगळी गोष्ट, पण 'नेमकी सातव्या सामन्यात' हेही आपण नंतरच म्हणतोय.

एकच सामना. १ लाख ८६ हजार, २६ हजार, ३७०. या तिन्ही आकड्यांत चुकीचा एकही नाही. कोणता छापायचा हे मथळा देणाऱ्यावर आहे. भिंतीवर आधी गोळ्या झाडायच्या आणि जिथे जास्त भोकं पडली तिथे मागून वर्तुळ काढायचं, या दोषाला संख्याशास्त्रात 'टेक्ससचा नेमबाज' म्हणतात. ह्युस्टन टेक्ससमध्येच आहे, हा मात्र निव्वळ योगायोग.

याहून महत्त्वाचं म्हणजे ०.६३८ हा आकडा कुठून आला? पूर्ण हंगामाच्या सरासरीतून. त्या सरासरीत लीगमधल्या सगळ्यात ढिसाळ बचावाविरुद्धचे नेमही आले. सातव्या सामन्यात समोर वॉरियर्सचा बचाव होता, पॉल नव्हता, म्हणून हार्डनवर जास्त ओझं होतं, आणि मे महिन्याच्या शेवटचे थकलेले पाय होते. समजा त्या रात्रीची खरी क्षमता ३६.२ नव्हे तर ३० टक्के होती. एवढ्याने २७ च्या रांगेची शक्यता २६ हजारांत एकवरून अडीच हजारांत एकवर येते. दहापट. म्हणजे 'नशीब किती वाईट' हा आकडा नशिबापेक्षा आपल्या गृहीतकाबद्दलच जास्त सांगतो. पी-मूल्य चौथ्या दशांशापर्यंत लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. तो नेमकेपणा प्रतिमानाच्या आतला आहे. प्रतिमान बाहेरच्या जगाला किती धरून आहे त्याचा नाही.

शिवाय हे नेम एकमेकांपासून स्वतंत्र होते का? हार्डन १३ पैकी २, एरिक गॉर्डन १२ पैकी २, ट्रेव्हर अरीझा ९ पैकी ०. तिघे एकाच वेळी. कोणीही प्रेक्षक म्हणेल की 'हात गार पडला होता'. आणि इथे एक जुना, गाजलेला वाद मध्ये येतो.

१९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी फिलाडेल्फिया संघाच्या नेमांच्या नोंदी, बॉस्टनच्या खेळाडूंचे फ्री थ्रो आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंवरचा प्रयोग असा तिहेरी पुरावा घेऊन दाखवलं की 'हात गरम असणं' हा भास आहे. नेम पडल्यावर पुढचा नेम पडण्याची शक्यता वाढत नाही. तीस वर्षं हा निकाल पाठ्यपुस्तकात होता. माणसाला यदृच्छेत आकृती दिसते याचं ते लाडकं उदाहरण. मग मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या मोजणीतच एक बारीक गफलत दाखवली. त्यांचा लेख इकॉनोमेट्रिकामध्ये छापून आला तो २०१८ मध्येच, या हंगामाच्याच वर्षी.

गफलत इतकी साधी आहे की वही घेऊन करूनच बघा. नाणं तीनदा उडवा. आठ शक्य क्रम. प्रत्येक क्रमात विचारा: छाप्यानंतर छापा किती वेळा आला, किती टक्के? तीन छापे असतील तर १०० टक्के. छापा-छापा-काटा, ५०. छापा-काटा-छापा, शून्य. छापा-काटा-काटा, शून्य. काटा-छापा-छापा, १००. काटा-छापा-काटा, शून्य. उरलेल्या दोन क्रमांत छाप्यानंतर काही येतच नाही, म्हणून ते बाद. सहा क्रमांची सरासरी घ्या. ५० टक्के यायला हवी ना? येते १२ पैकी ५, म्हणजे सुमारे ४२. नाणं अगदी सरळ, तरी मोजायची रीत छाप्यांच्या विरुद्ध झुकलेली. तर १९८५ च्या नोंदीत नेम पडल्यावरची टक्केवारी नेहमीइतकीच दिसली, तेव्हा खरं तर ती मोजणीच्या झुकावावर मात करून तिथे पोहोचली होती. म्हणजे कॉर्नेलच्या प्रयोगातही थोडा 'गरम हात' असल्याचं निघतं.

आमच्या लॅबमध्ये हे उदाहरण फळ्यावर करून दाखवलं तर पहिली प्रतिक्रिया हमखास 'शक्यच नाही' अशीच येते. मग सगळे मुकाट्याने वही काढतात.

पण घाईने 'बघा, प्रेक्षक बरोबर होते' असं म्हणू नका. हात गरम असतो हे थोडंफार खरं निघालं म्हणून त्या रात्री हात गार होता हे सिद्ध होत नाही. ४४ नेमांवरून गार हात आणि चांगला बचाव यांत फरक करता येणार नाही. तेवढी ताकदच त्या नमुन्यात नाही.

तिसरा सूर पंचांचा. एप्रिल २०१९ मध्ये बातमी आली की रॉकेट्सनी या सातव्या सामन्याचं स्वतः परीक्षण केलं होतं. पंचांचे ८१ निर्णय चुकले किंवा राहून गेले आणि त्याची किंमत आपल्याला १८.६ गुणांनी मोजावी लागली, असा त्यांचा दावा. लीगने उत्तर दिलं की आम्हाला ही कार्यपद्धती मान्य नाही. मला हे उत्तर वाचून हसू आलं होतं, कारण परीक्षकांचा शेरा अगदी असाच येतो: निष्कर्षावर एक शब्द नाही, कार्यपद्धतीवर लाल रेघ.

तरी लीगची रेघ योग्य जागी होती असं मला वाटतं. पराभूत पक्षानेच मोजणी केली, तीही सामना झाल्यानंतर, चित्रफीत थांबवून. मोजणाऱ्याला निकाल माहीत होता. कोणत्या प्रसंगाला 'चूक' म्हणायचं याचा निकष आधी ठरवून दुसऱ्या, तटस्थ माणसाकडून तीच मोजणी करून घेतली असती आणि दोघांचं जुळलं असतं, तर वेगळी गोष्ट. आणि १८.६? शिट्टी वाजली असती तर पुढे काय घडलं असतं याच्या ८१ वेगवेगळ्या कल्पना एकमेकांवर रचून मिळालेल्या आकड्याला दशांश चिन्ह शोभत नाही. एक निर्णय बदलला की त्यानंतरचा सगळा सामना बदलतो, मग उरलेले ८० निर्णय घडलेच नसते. नुसती बेरीज कशी चालेल? दावा खोटा होता असं मी म्हणत नाही. पंच चुकले असतीलही. त्या मार्गाने ते समजणार नव्हतं, एवढंच.

राहिला क्रिस पॉल. पाचव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावला. रॉकेट्स तो सामना ९८-९४ ने जिंकून ३-२ असे पुढे गेले, पण पॉल सहाव्या-सातव्या सामन्यात खेळला नाही. सहाव्यात रॉकेट्स ८६-११५ असे हरले. 'पॉल असता तर' हे वाक्य म्हणून फार ओढ लावतं, आणि तिन्ही सुरांत तेच सगळ्यात सबळ आहे यात शंका नाही. पण तुलना करायची तर दोन्ही बाजू धरा. वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला चौथ्या सामन्यापासून सातव्यापर्यंत एकही सामना खेळला नाही. आणि रॉकेट्स त्या मालिकेत १-२ असे मागे होते ते पुढे आले चौथ्या आणि पाचव्या सामन्यात, म्हणजे इग्वोडाला बाहेर गेल्यावर. 'पॉल असता तर' लिहिणाऱ्या किती लेखांत 'आणि इग्वोडालाही असता तर' आहे ते मोजून बघा. आपल्या बाजूची गोंधळ घालणारी चलं तेवढी आठवतात, समोरच्याची नाही. हरलेल्या संघाचं असं होतं तसंच आवडत्या गृहीतकाचंही.

मग या हंगामातून निष्कर्ष काय काढता येतो? अगदी मर्यादित. ८२ सामन्यांचा नमुना मोठा आहे आणि तो सांगतो की पद्धत चालते. सात सामन्यांचा नमुना, तोही एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, मध्येच दोन्हीकडचे माणसं गळालेली, याबद्दल फार काही सांगत नाही. तरी इतिहासाने लगेच निकाल लावला होता. गंमत म्हणजे जे संघ चालवत होते त्यांनी तो मानला नाही. २०१७-१८ मध्ये एनबीएत दर संघ सामन्यामागे सरासरी २९ थ्री टाकत होता. २०२४-२५ पर्यंत ही सरासरी ३७ च्या वर गेली. ज्या प्रयोगाला 'फसला' म्हटलं गेलं, त्याची पुनरावृत्ती सगळ्या लीगने केली.

२०२३-२४ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सनी दर सामन्याला साधारण साडेबेचाळीस थ्री टाकले, म्हणजे जवळजवळ त्या रॉकेट्सइतकेच, आणि ते विजेते झाले. तेव्हा सगळीकडे लिहून आलं की आधुनिक बास्केटबॉल म्हणजे हेच. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्यात याच सेल्टिक्सनी ६० थ्री टाकले आणि ४५ चुकवले. एका प्लेऑफ सामन्यात इतके थ्री आजवर कोणी चुकवले नव्हते. सामना हरले, मालिकाही हरले. दुसऱ्या दिवशीचे मथळे मी वाचले. संघांची नावं बदलली तर ते २९ मे २०१८ चे म्हणून सहज खपले असते.

आणि ड्राफ्टच्या त्या शून्य गुणांच्या रात्रीचे दोघे? ४५ वा ब्रुक्स पहिल्याच वर्षी मेम्फिसकडून सगळे ८२ सामने खेळला आणि २०२३ मध्ये करार करून पुन्हा ह्युस्टनला आला. ४३ वा हार्टेनस्टाइन चार-पाच संघ फिरून ओक्लाहोमा सिटीला पोहोचला आणि २०२५ मध्ये विजेत्या संघात होता. २०१७ चं प्रगतिपुस्तक कोणी दुरुस्त केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.